नाजूक अक्षर, नावापुरतं: स्नेल राउंडहँडसारखे फॉन्ट निवडायचे आणि वापरायचे कसे

पत्रिका छापायला येणारी मंडळी दोन गोष्टी घरूनच ठरवून येतात: वरचा गणपती कुठला आणि आतल्या इंग्रजी पानाचा फॉन्ट कुठला. फॉन्टचं नाव कुणाला ठाऊक नसतं. "ते बारीक, वळणदार, लांब शेपट्यांचं अक्षर असतं ना, तसलं टाका." त्या वळणाला राउंडहँड म्हणतात. टाकायला हरकत नाही. पण मग त्या अक्षरात काय काय बसवायचं त्याची यादी समोर येते. वधूवरांची नावं, दोन्हीकडचे आजी-आजोबा, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, पार्किंगची सूचना आणि खाली काकांचा मोबाईल नंबर. यातली पहिली दोन नावं सोडली तर त्या अक्षराला बाकीचं काही झेपत नाही.

का झेपत नाही, हे एकदा उमगलं की आकार किती ठेवायचा, कागद कुठला घ्यायचा, शेजारी मराठी कुठलं बसवायचं, ही उत्तरं बहुतेक आपोआप मिळतात. म्हणून आधी लेखणी बघू, कॉम्प्युटर नंतर.

बारीक रेघ येते कुठून

आपल्या बोरूचं टोक सपाट आणि तिरकं कापलेलं असतं. तो धरायचा कोन एकदा हातात बसला की जाड-बारीक आपोआप होतं, कारण रेघेची जाडी बोरू कुठल्या दिशेला सरकतो त्यावर ठरते. दाब द्यायचं काम नाही. देवनागरीचं छापील वळणही या कापलेल्या टोकातूनच आलं आहे.

इंग्रजी राउंडहँडची लेखणी वेगळी. पक्ष्याच्या पिसाचं टोक अणकुचीदार करून त्याला मधोमध चीर दिलेली. हात खाली येताना दाब दिला की चिरेच्या दोन फाका उघडतात आणि रेघ फुगते. हात वर जाताना दाब काढला की फाका मिटतात आणि रेघ केसाएवढी होते. त्यामुळे प्रत्येक उतरती रेघ जाड, चढती बारीक, आणि एका अक्षरातून दुसऱ्यात जाणारा जोड हा नेहमी त्या बारीक रेघेचा. पुढे एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी निब निघाले, तरी तत्त्व तेच राहिलं.

अठराव्या शतकात लंडनमध्ये या वळणाचे कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले जात. जॉर्ज बिकहॅम या कोरणाऱ्याने अनेक लेखनशिक्षकांचे नमुने गोळा करून 'द युनिव्हर्सल पेनमन' हा संग्रह १७३३ ते १७४१ या काळात भागाभागाने काढला. तांब्यावर कोरणीने मारलेली रेघ पिसाच्या रेघेपेक्षाही बारीक निघते. कित्ता गिरवणारे मग तेवढी बारीक रेघ हाताने काढायला धडपडायचे. 'कॉपरप्लेट' हे नाव या तांब्याच्या पत्र्यावरून आलं.

गंमत अशी की हे अक्षर लग्नासाठी जन्मलेलं नाही. ते कारकुनांचं आणि व्यापाऱ्यांचं अक्षर. खातेवही आणि पत्रं झपाझप लिहिता यावीत म्हणून हात न उचलता जोडत जायचं. आपल्या दप्तरांत मोडी याच कामाला होती: आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची आणि मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षरं लटकवत जायची. मोडीत लग्नपत्रिका छापायचं कुणी मनावर घेतलं तर जे होईल, ते इंग्रजी राउंडहँडचं कधीच होऊन बसलं आहे.

फॉन्टपर्यंतचा प्रवास मात्र सरळ झाला नाही. खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक अक्षर धातूच्या चौकोनी ठोकळ्यावर बसायचं. तिरकं अक्षर चौकोनात मावत नाही. त्याचा बाहेर आलेला भाग तुटतो, नाहीतर दोन अक्षरांच्या जोडात फट दिसते. पॅरिसमध्ये फर्मँ दिदो याने यासाठी तिरके ठोकळेच ओतून पाहिले. खरी सुटका झाली ती प्रकाशाने अक्षर उमटवणारी फोटो-टाइपसेटिंग यंत्रं आल्यावर, कारण तिथे ठोकळाच उरला नाही. या यंत्रांसाठी मॅथ्यू कार्टर यांनी १९६५-६६च्या सुमारास लायनोटाइप कंपनीकरता 'स्नेल राउंडहँड' तयार केला. चार्ल्स स्नेल (१६६७–१७३३) हे लंडनचे लेखनशिक्षक, त्यांच्या वळणावर तो बेतलेला आहे. पुढे १९७२मध्ये कार्टर यांनीच 'शेली स्क्रिप्ट' केला. त्याचे तीन अवतार, अंदान्ते, अलेग्रो आणि व्होलान्ते. एकेकात फराटे, म्हणजे अक्षराच्या लांब शेपट्या, वाढत जातात. विलंबित, मध्य, द्रुत असं म्हणा.

पहिली पायरी: कागदावर गिरवा

फॉन्ट निवडण्याआधी पंधरा मिनिटं काढा. कुठलाही राउंडहँड फॉन्ट घ्या, त्यात एक नाव २०० पॉइंटला टाका, फिकट करड्या रंगात छापा आणि त्यावरून पेन्सिलने गिरवा. खाली येताना दाबायचं, वर जाताना अलगद सोडायचं. एवढ्यात तीन गोष्टी हाताला कळतात. अक्षराचा कल पायाच्या रेषेपासून जवळजवळ ५५ अंशांचा आहे आणि तो कुठेही बदलत नाही. जोड अक्षराच्या पायाशी सुरू होऊन वर चढतो. आणि कॅपिटल अक्षर हे एक स्वतंत्र चित्र आहे, ते पुढच्या अक्षराला जोडलेलं असेलच असं नाही.

या तिसऱ्या गोष्टीमुळे सगळं नाव कॅपिटलमध्ये टाकणं या फॉन्टमध्ये चालतच नाही. एका ओळीत आठ चित्रं शेजारी शेजारी उभी केल्यासारखं होतं आणि नाव वाचताच येत नाही. शाळेच्या प्रमाणपत्रांची नावं एक्सेलमधून येतात, तिथे ती सगळी कॅपिटलमध्ये असतात आणि तशीच चिकटवली जातात. एक्सेलमध्येच 'प्रॉपर' हे सूत्र लावून नावं नीट करून घ्या, मग पुढे न्या.

दुसरी पायरी: हाताशी काय आहे ते बघा

मॅक किंवा आयफोन असेल तर स्नेल राउंडहँड त्यात आधीपासून आहे. विंडोजवर ऑफिससोबत 'एडवर्डियन स्क्रिप्ट', 'पॅलेस स्क्रिप्ट' आणि 'कुन्स्टलर स्क्रिप्ट' येत आले आहेत. यांतला पॅलेस दिसायला फार देखणा आणि छापायला फार त्रासदायक, कारण त्याची बारीक रेघ अतिशय बारीक आहे. एडवर्डियन हा एड बेंगियाट यांचा १९९४चा फॉन्ट, त्याला थोडी जास्त हाडं आहेत.

फुकटात हवे असतील तर गुगल फॉन्ट्सवर 'पिनयॉन स्क्रिप्ट' आहे. तो अस्सल राउंडहँड वळणाचा, जाड-बारीक स्पष्ट. 'ग्रेट व्हाइब्ज' सध्या जिथे तिथे दिसतो. त्याची कॅपिटल्स मोठी आणि लडिवाळ, छोट्या नावावर चढून बसतात. 'पेटीट फॉर्मल स्क्रिप्ट' दिसायला कमी नाजूक, पण पडद्यावर लहान आकारात टिकेल असा. मला विचाराल तर व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पत्रिकेला मी आधी तो लावून बघते आणि अगदीच साधा वाटला तरच पिनयॉनकडे वळते.

झापफिनोची गोष्ट वेगळी. हर्मान झाप या जर्मन सुलेखनकाराच्या मोकळ्या हस्ताक्षरावरून १९९८मध्ये आलेला हा फॉन्ट राउंडहँड नाही. त्याच्या वर-खाली जाणाऱ्या रेघा इतक्या लांब आहेत की अक्षराचं पोट त्यामानाने चिमुकलं दिसतं. २४ पॉइंटचा झापफिनो टाकला की वरची आणि खालची ओळ लांब पळते, आणि नवखा माणूस गोंधळून ओळींमधलं अंतर कमी करतो. मग वरच्या ओळीची शेपटी खालच्या नावाच्या गळ्यात. झापफिनो एकाच ओळीला ठेवायचा आणि भोवती रान मोकळं सोडायचं.

आणि मोनोटाइप कॉर्सिव्हा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेचं प्रमाणपत्र, निरोपसमारंभाचं मानपत्र किंवा क्लासच्या गुणगौरवाचा फलक पाहा, त्यात तो असतो. लोक त्यालाही 'ते वळणदार अक्षर' म्हणतात, पण तो वेगळ्या घराण्यातला आहे. इटलीतल्या सपाट टोकाच्या लेखणीचं वळण, अक्षरं सुटी, बारीक रेघ बऱ्यापैकी दणकट. डिझाइनवाले त्याला नावं ठेवतात. मी ठेवत नाही. साध्या लेझर प्रिंटरवर, ७५ जीएसएमच्या कागदावर, १८ पॉइंटला नाव छापायचं असेल तर राउंडहँडपेक्षा कॉर्सिव्हा बरा.

तिसरी पायरी: नमुना बघू नका, नाव टाकून बघा

फॉन्टच्या पानावर जो नमुना असतो तो त्या फॉन्टला शोभणाऱ्या शब्दांचा असतो. आपली नावं त्या शब्दांसारखी नसतात. म्हणून निवड करताना खरी नावं टाकून पाहायची, पाच फॉन्टमध्ये, एकाखाली एक.

मृण्मयी हे नाव रोमनमध्ये लिहून बघा. एम, आर, यू, एन, एम. राउंडहँडमध्ये एम, एन, यू आणि आय ही सगळी एकाच उभ्या काडीची बनलेली असतात. काड्या सारख्या, अंतर सारखं, जोड सारखा. वाचणाऱ्याला मध्ये नुसतं कुंपण दिसतं. अशा नावाला आर जरा ठसठशीत असलेला फॉन्ट लागतो. मानिनी आणि मनू या नावांनाही हाच त्रास.

श्रद्धा आणि सिद्धार्थ ही नावं याच्या उलट. त्यांत डी दोनदा येतो, एच येतो, वर जाणाऱ्या रेघांची रांग लागते आणि झापफिनोसारख्या फॉन्टमध्ये ती फार खुलते. पण दोन्ही डी अगदी एकसारखे आले तर हाताचं अक्षर असल्याचा भास तिथेच संपतो. यावर उपाय आहे, तो पुढच्या पायरीत.

आडनावात कॅपिटल अक्षरांची गफलत होते. राउंडहँडमध्ये आय आणि जे बहिणी-बहिणी वाटतात, टी आणि एफमध्ये फरक एका आडव्या रेघेचा, एल आणि एस लांबून सारखे. इनामदारांचं जिनामदार, तांब्यांचं फांबे. ज्याला आडनाव ठाऊक आहे तो बरोबरच वाचतो, त्यामुळे घरच्यांना चूक कधी दिसत नाही. नाव माहीत नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या. मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याला दाखवते.

आद्याक्षरं हा आणखी एक खड्डा. एस. एल. इनामदार असं लिहायचं म्हटलं की तीन फुगलेली कॅपिटल्स, मध्ये दोन टिंबं, आणि फराट्यांची एकमेकांत गुंतागुंत. पूर्ण नाव लिहा किंवा आद्याक्षरं साध्या फॉन्टमध्ये घ्या. 'चि.' आणि 'सौ. कां.' ही रोमनमध्ये लिहिली तर तीही साध्या, लहान अक्षरात नावाच्या वर ठेवावीत. नावाच्या ओळीत घुसवली की नाव सुरू कुठे होतं तेच कळत नाही.

शेवटी फॉन्टमध्ये काय नाही ते तपासा. रुपयाचं चिन्ह २०१०मध्ये आलं, जुन्या स्क्रिप्ट फॉन्टमध्ये ते सहसा नसतं. संस्कृत उच्चारासाठी अक्षरांवर रेघ किंवा खाली टिंब द्यायचं असेल तर तीही चिन्हं बहुधा नसतात. मग प्रोग्रॅम गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून ते एक अक्षर उचलतो आणि मखमलीला गोणपाटाचं ठिगळ लागतं.

चौथी पायरी: लपलेली अक्षरं उघडा

चांगल्या स्क्रिप्ट फॉन्टमध्ये एकेका अक्षराची दोन, चार, कधी दहा रूपं असतात. शब्दाच्या सुरुवातीचं, मधलं, शेवटचं. साधं आणि फराटेवालं. ॲडोबीचा 'बिकहॅम स्क्रिप्ट' तर अशा पर्यायांसाठीच नावाजलेला आहे. तो रिचर्ड लिप्टन यांनी केला आणि त्याचं नाव वर आलेल्या बिकहॅमवरूनच आहे. हे पर्याय ओपनटाइप सुविधांतून, म्हणजे फॉन्टच्या आत दडलेल्या सोयींतून, चालू करावे लागतात.

वर्डमध्ये शब्द निवडून फॉन्टची खिडकी उघडा आणि 'ॲडव्हान्स्ड'वर जा. तिथे लिगेचर्समध्ये (जोडून केलेली अक्षरं) 'स्टँडर्ड ओन्ली' निवडा, 'कॉन्टेक्स्चुअल अल्टरनेट्स'वर खूण करा. 'स्टायलिस्टिक सेट्स'मध्ये आकडे दिसतील, एकेक करून बघा. इलस्ट्रेटरमध्ये ओपनटाइपचं पॅनेल आहे आणि शिवाय ग्लिफ्सचं पॅनेल, ज्यात फॉन्टमधली सगळी अक्षरं मांडलेली असतात. हवं ते रूप दोनदा क्लिक करून बसवायचं. वेबपानावर 'कॉन्टेक्स्चुअल' आणि 'लिगेचर्स' बहुतेक ब्राउझर आपणहून चालू ठेवतात, फराटे मात्र सीएसएसमध्ये सांगून मागावे लागतात. मोबाईलवरच्या पत्रिका बनवणाऱ्या ॲपमध्ये बऱ्याचदा यातलं काहीच मिळत नाही. फराटेवालं नाव हवं असेल तर ते कॉम्प्युटरवर करून चित्र म्हणून आत आणावं.

'कॉन्टेक्स्चुअल' नेहमी चालू ठेवा. दोन डी शेजारी आले तर दुसरा थोडा वेगळा येणं, ओ नंतरचा जोड वरून घेणं, ही कामं तीच सुविधा करते. फराट्यांचा मात्र हिशेब ठेवायचा. माझा नियम असा की एका नावाला एकच मोठा फराटा, तोही पहिल्या किंवा शेवटच्या अक्षराला. वरच्या नावाचा पहिल्या अक्षराला दिला तर खालच्या नावाचा शेवटच्या अक्षराला, म्हणजे पानाचा तोल राहतो. नावाच्या मधल्या अक्षरांना फराटे लावले की ती दोऱ्याची गुंडी होते.

पाचवी पायरी: आकार मोजून ठरवा

हा या लेखातला सगळ्यात कामाचा भाग. फॉन्टचा आकार डोळ्याने ठरवू नका, बारीक रेघेवरून ठरवा.

नाव १०० पॉइंटला टाका, कर्व्ह करा (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून घ्या) आणि सगळ्यात बारीक रेघ कुठली ते शोधून तिची जाडी मोजा. जोडाच्या रेघेशेजारी एक सरळ रेघ काढायची आणि तिची जाडी कमी-जास्त करत दोन्ही जुळेपर्यंत बघायचं, ही सोपी युक्ती. समजा ०.९ पॉइंट भरली. मग २४ पॉइंटला ती ०.२२ पॉइंट होईल. एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग, ०.३५ मिलिमीटर. म्हणजे तुमची रेघ ०.०८ मिलिमीटरच्या आसपास आली.

ऑफसेटवर गुळगुळीत कागदावर एका रंगात छापायचं तर मी ०.२५ पॉइंटच्या खाली जात नाही. वरच्या उदाहरणात म्हणजे २८ पॉइंट. गडद रंगावर पांढरं अक्षर सोडायचं असेल, ज्याला आपण रिव्हर्स म्हणतो, तर दुप्पट, ०.५ पॉइंट, कारण भोवतालची शाई पसरून बारीक रेघ दोन्ही बाजूंनी खाते. म्हणजे थेट ५६ पॉइंट. पत्रिकेच्या रुंदीत ५६ पॉइंटचं नाव मावतं का ते बघा, मावत नसेल तर रिव्हर्सचा नाद सोडा.

हा आकडा मी चटका बसून शिकले. मरून पार्श्वभूमी, चार रंगांत छपाई, त्यावर ३० पॉइंटमध्ये पांढरी नावं. पडद्यावर ते अप्रतिम दिसत होतं. छापताना चार प्लेटांपैकी एक केसभर सरकली आणि सगळे जोड बुजले. नाव सुट्या जाड काड्यांचं उरलं. प्रेसवाल्यांचा दोष नव्हता. केसाएवढ्या रेघेला केसभर सरकणंही पुरतं, आणि ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. पाचशे पत्रिका परत छापल्या, खर्च मी दिला.

मोबाईलसाठी हाच हिशेब पिक्सेलमध्ये करायचा. १०८० पिक्सेल रुंदीच्या चित्रात बारीक रेघ किमान दीड पिक्सेल हवी. आपल्या उदाहरणातला फॉन्ट घेतला तर नाव साधारण १७० पिक्सेलच्या आकारात जातं. त्याखाली गेलं की रेघ काळी राहत नाही, करडी होते, आणि व्हॉट्सॲपने चित्र दाबलं की भोवती धूळ उडाल्यासारखे ठिपके दिसतात. चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर दाबलं जात नाही. पण पुढे मामा ते कुठल्या ग्रुपवर कसं टाकतील ते आपल्या हातात नसतं, तेव्हा नाव मोठंच ठेवा.

सहावी पायरी: अंतराला हात लावू नका

अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, शून्य. वाढवलं तर जोड तुटतात. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. देवनागरीत अक्षरं दूर केली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. राउंडहँडमध्ये तेच खालच्या बाजूला होतं. कॉम्प्युटरकडून नकली ठळक किंवा नकली तिरकं करून घेऊ नका. ठळक केलं की बारीक रेघही जाड होते आणि अख्ख्या अक्षराचा प्राण जातो. जागेत बसवायला आडवं ताणलं तर कल बिघडतो. हात फक्त एका जागी लावायचा: कॅपिटल अक्षर आणि त्यानंतरचं पहिलं लहान अक्षर. तिथे बऱ्याचदा मोठी फट राहते, ती दोघांपुरती कमी करावी.

सातवी पायरी: शेजारी मराठी कुठलं बसवायचं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण लोक 'तसलंच' मराठी शोधतात. राउंडहँडचा नाजूकपणा दाबातून आलेला, देवनागरीचं जाड-बारीक कोनातून. तिरकी, ताणलेली, टोकदार देवनागरी करून दोन्ही सारखी दिसत नाहीत. देवनागरी फक्त आजारी दिसते.

दोन मार्ग आहेत. एक, मराठी अगदी साधी घ्यायची, सगळीकडे जवळपास सारख्या जाडीची. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' यासाठी चांगला; त्याचं हलकं वजन घेतलं की राउंडहँडशी भांडत नाही. पत्ता, मुहूर्त आणि फोन नंबर, मराठी असो वा इंग्रजी, याच फॉन्टमध्ये टाका. त्यात रोमन अक्षरंही आहेत. दुसरा मार्ग, मराठीला तिच्याच जुन्या वळणाचा दिमाख द्यायचा. 'टिरो देवनागरी मराठी' मध्ये सपाट लेखणीचं जाड-बारीक आहे आणि ल, श मराठी वळणाचे आहेत. हा ल-श एवढ्यासाठी सांगते की हिंदी वळणाचा श पत्रिकेत आला की शुभविवाहातच आजोबांना खटकतो.

दोन लिपी एका ओळीत आणू नका. राउंडहँडचं पोट लहान असतं, त्यामुळे १४ पॉइंटच्या मराठीशेजारी तोलायला ते २४-२६ पॉइंटचं घ्यावं लागतं, आणि तरी त्याचा पाया आपल्या शिरोरेषेशी जुळत नाही. एकाखाली एक ठेवा, मध्ये भरपूर जागा सोडा.

मराठी नावंही तशीच तलम हवी असतील तर फॉन्ट शोधण्यापेक्षा सुलेखनकाराकडून दोन शब्द लिहून घ्या. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं हाताने काढली आणि प्रत्येक नाटकाला त्याचं स्वतःचं अक्षर मिळालं. दोन नावांसाठी तेवढी चैन परवडते. लिहिलेलं ६०० डीपीआयला स्कॅन करून ट्रेस करता येतं.

आठवी पायरी: कागद, फॉइल आणि रंग

गुळगुळीत आर्ट कार्डवर बारीक रेघ जशीच्या तशी उतरते. हातकागद किंवा दाणेदार कागद घेतला तर दाण्याच्या खोलगट भागात शाई पोचत नाही, रेघ तुटक येते. हातकागदाचा हट्टच असेल तर नाव स्क्रीन प्रिंटिंगने, मोठ्या आकारात, दणकट फॉन्टमध्ये.

सोनेरी रंग चार रंगांच्या मिश्रणातून करू नका. तो ठिपक्यांच्या जाळीतून बनतो, आणि ठिपक्यांइतक्याच बारीक रेघेत ती जाळी मावत नाही. रेघ म्हणजे मुंग्यांची रांग दिसते. खरं फॉइल मारा किंवा नाव एकाच सलग शाईत छापा. फॉइलला डाय, म्हणजे नावाचा ठसा, लागतो. डाय करणाऱ्याला आधी विचारा की त्याला कमीत कमी किती जाडीची रेघ जमते, आणि तो सांगेल त्याहून थोडी जास्त ठेवा. फॉइलमध्ये पोटातल्या बंद जागाही भरून येतात. ई आणि ए या अक्षरांचे वेटोळे आधी बघा. नुसतं एम्बॉस करायचं असेल तर राउंडहँड विसरा. उठावाला जाडी लागते.

परवाना आणि फाइल

गुगल फॉन्ट्सवरचे वर सांगितलेले फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, पैसे घेऊन केलेल्या कामातही चालतात. इतर ठिकाणांहून उतरवलेल्या फॉन्टसोबतची मजकुराची फाइल वाचा. 'पर्सनल यूज' असेल तर स्वतःच्या घरच्या पत्रिकेला ठीक, गिऱ्हाइकाच्या दुकानाच्या बोधचिन्हाला नाही. आणि दुकानाच्या पाटीला तर कुठलाच राउंडहँड नको. रस्त्याच्या पलीकडून बारीक रेघ दिसत नाही, पाटीवर नुसत्या जाड काड्या उरतात.

प्रेसला फाइल देताना फॉन्ट कर्व्ह करून द्या. मॅकवर स्नेल वापरला असेल आणि प्रेसमध्ये विंडोज असेल, तर न कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये नावाच्या जागी भलताच फॉन्ट उघडतो. कर्व्ह केल्यावर १००० टक्के मोठं करून प्रत्येक जोड बघा. काही फॉन्टमध्ये जोडाजवळ दोन आकार एकमेकांवर येतात, आणि डाय कापताना तिथे पांढरी फट पडू शकते. ते आकार 'वेल्ड' करून एक करा.

पण न कर्व्ह केलेली फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. प्रूफ घरी गेलं की आत्या नावातला एक ए वाढवायला सांगते, अंकशास्त्रात तसं बसतं म्हणून, आणि तोवर रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात.